बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत

संगणक जुना झाला की हळू होणारच, ही समजूत घराघरांत इतकी मुरली आहे की तिची उलटतपासणी कोणी करत नाही. २०१३ साली घेतलेल्या यंत्रातला प्रोसेसर तेव्हा सेकंदाला ३.३ अब्ज ठोके मोजत होता, आजही तेवढेच मोजतो. रॅमचा वेगही तोच आहे. तरीही पूर्वी मिनिट-सव्वा मिनिटात कामाला लागणारं यंत्र आता सहा-सात मिनिटं घेतं, हेही खोटं नाही. मग ही मधली पाच मिनिटं जातात कुठे?

ती शोधता येतात आणि घड्याळ लावून मोजताही येतात. बहुतेक वेळा त्यातली बरीचशी परत मिळवता येतात. आपण मात्र तसं करत नाही. एक तर संगणक भंगारवाल्याला देतो, नाहीतर कोणी ओळखीचा मुलगा येतो आणि ‘फॉरमॅट मारून’ जातो. या दोन सवयींपायी मराठी घरांनी काय काय घालवलं आहे, याची यादी केली तर वाईट वाटेल: बारशाचे फोटो, वडिलांनी एका बोटाने टाइप केलेली वंशावळ, गावच्या ग्रंथालयाचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार. सुरू व्हायला वेळ लावणारा संगणक ही बाब किरकोळ दिसते, पण तिच्यावर घाईने केलेला उपाय किरकोळ नसतो.

ज्या यंत्रावर मी हे सगळं सावकाश बघू शकलो, ते पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आहे. त्याच्या मालकीणबाई वर्षानुवर्षं घरून डीटीपीचं काम करतात. पुस्तकं, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून शेजारपाजारचे म्हणतात तसं त्यांना काकूच म्हणतो. संगणक असेंबल केलेला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा त्यावर विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने २०१५च्या जुलैपासून वर्षभर विंडोज १० फुकट दिलं, तेव्हा तेही त्यावर चढलं. काकू सकाळी बटण दाबून देवपूजेला बसायच्या. पूजा आटोपेपर्यंत पानं लावायचा पेजमेकर उघडण्याजोगी स्थिती आलेली असे.

दुरुस्तीला आलेल्या पहिल्या मुलाने पाच मिनिटांत निकाल दिला. ‘काकू, जुना झालाय. फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो, एकदम पळेल.’

‘अरे, आणि माझे फॉन्ट? डोंगलचं काय? इतक्या वर्षांची पानं आहेत त्यात.’

‘ते परत टाकू ना.’

परत टाकणं तेवढं सोपं नव्हतं. युनिकोड रुळण्याआधी मराठीत छपाईचं काम श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर चाले. प्रत्येकीची अक्षरांची मांडणी वेगळी. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात नसेल तर पान उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. शिवाय यातली बरीच सॉफ्टवेअर डोंगलवर चालत, म्हणजे मागे खोचलेलं छोटं कुलूप असल्याशिवाय उघडत नसत. मूळ सीडी हरवलेली, ती चालवायला ड्राइव्ह नाही, डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसेल याची खात्री नाही. अशा यंत्राला फॉरमॅट मारणं म्हणजे सगळी जुनी पानं वाचता येण्याची सोय काढून घेणं. काकूंनी त्या मुलाला चहा दिला आणि पाठवून दिलं. त्यांनी योग्य केलं.

दुसरे गृहस्थ बुधवार पेठेत एका अरुंद जिन्याखालच्या गाळ्यात बसतात. केस पांढरे, टेबलावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची गन. संगणक उघडण्याआधी त्यांनी एकच विचारलं: ‘कंपनीचा लोगो यायच्या आधी थांबतो, विंडोजचा लोगो आल्यावर थांबतो, की पासवर्ड टाकल्यावर?’ काकूंना सांगता आलं नाही. मग त्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, बटण दाबलं आणि एका कागदाच्या पाठीवर तीन आकडे लिहिले. पहिल्या टप्प्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त, दुसऱ्याला दीड मिनिट, तिसऱ्याला जवळजवळ चार मिनिटं. या तीन आकड्यांत तीन वेगवेगळी दुखणी होती. घरच्या घरी कोणालाही करता येण्याजोगी सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि ती करणारे मला फार थोडे भेटले.

विंडोज स्वतःही हा हिशेब ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल. तिथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे सुरू होण्याची एकूण वेळ, मिलिसेकंदांत. तिचे दोन भाग असतात. पहिला डेस्कटॉप दिसेपर्यंतचा. दुसरा डेस्कटॉप दिसल्यावर आतली धावपळ शमून प्रोसेसर आणि डिस्क मोकळी होईपर्यंतचा. १०१ क्रमांकात उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव येतं, १०२ मध्ये ड्रायव्हरचं, १०३ मध्ये सर्व्हिसचं. महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी तिथे पडून असतात. संगणक नेमका कधीपासून रेंगाळू लागला, हे त्या तारखांवरून कळतं, आणि त्या सुमारास आपण काय नवीन बसवलं होतं ते आठवून बघता येतं.

पहिला टप्पा विंडोजचा नसतोच. १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला तेव्हापासून बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी स्वतःच्या घराची पाहणी करतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, पडद्याची सोय आहे का, डिस्क कुठली. सगळं ठीक असेल तर जुन्या यंत्रांवर ‘टिक’ असा एक आवाज यायचा. ही पाहणी काही सेकंदांत आटपायला हवी. ती रेंगाळत असेल तर विंडोजमध्ये कितीही साफसफाई केली तरी या टप्प्यातला एक सेकंदही कमी होत नाही.

काकूंच्या यंत्रात इथे सेल गेलेला होता. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी म्हणून ते नाव. संगणक बंद असताना तारीख-वेळ सांभाळणं हे त्याचं काम, आणि जुन्या बोर्डांवर बायोसमधली मांडणीही त्याच्याच जिवावर टिकते. वर्षानुवर्षांनी तो संपतो. मग रोज सकाळी संगणक कारखान्यातून आला तेव्हाच्या मांडणीवर परततो: एफ१ दाबायला सांगून ताटकळतो, नेटवर्कवरून सुरू होता येतं का ते चाचपतो, मागे राहिलेल्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधतो, आणि सगळीकडून हात हलवत परतला की मग हार्ड डिस्ककडे वळतो. तारीख मागची पडल्यामुळे बँकेची पानंही उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत घड्याळाशी जुळत नाही. लोक याला व्हायरस समजतात. सेल मात्र कुठल्याही घड्याळजीकडे किरकोळ किमतीत मिळतो. तो बदलून बायोसमध्ये हार्ड डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली, नेटवर्कचा पर्याय बंद केला, की पहिला टप्पा बहुधा मार्गी लागतो.

एक जपायचं. जुन्या बायोसमध्ये डिस्क आयडीई पद्धतीने चालवायची की एएचसीआय, असा पर्याय असतो. सेल गेल्यावर तो आपोआप पालटू शकतो, आणि विंडोज ज्या पद्धतीवर बसवलं होतं ती बदलली तर निळा पडदा येतो. अशा वेळी विंडोज ‘उडालं’ असं सांगून पुन्हा बसवणारे भेटतात. पर्याय मूळ जागी ठेवला की तेच विंडोज मुकाट्याने सुरू होतं.

खरी मजा दुसऱ्या टप्प्यात आहे, कारण इथे यंत्रशास्त्राशी गाठ पडते. हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरत असते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला हवं, त्याला नऊएक मिलिसेकंद. दोन्ही मिळून एका ठिकाणचा तुकडा वाचायला तेरा मिलिसेकंद धरा. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला पंचाहत्तरच्या आसपास. एकाच ठिकाणची लांबलचक फाइल असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीहून जास्त देते. सुरू होताना मात्र विंडोजला हजारो छोट्या फाइली हव्या असतात, त्याही इकडेतिकडे पसरलेल्या. वाण्याकडे यादी एकदम न देता एकेक जिन्नस मागावा आणि दर जिन्नसाला पोऱ्याने माळ्यावर चढून उतरावं, तसा हा कारभार. समजा असे सहा हजार तुकडे लागले, तर गुणाकार अठ्ठ्याहत्तर सेकंदांचा होतो. प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसलेला असतो.

विंडोज बनवणाऱ्यांना हे कळत होतं. २००१च्या एक्सपीमध्ये त्यांनी अशी सोय केली की सुरू होताना कोणत्या फाइली लागतात हे संगणक बघून ठेवेल, पुढच्या वेळी त्या आधीच मागवेल आणि सवड मिळेल तेव्हा डिस्कवर शेजारीशेजारी मांडून ठेवेल. व्हिस्टामध्ये ही कल्पना आणखी पुढे नेली. पण दर आवृत्तीबरोबर वाचायच्या फाइलीही वाढत गेल्या आणि तबकडीचे फेरे तेवढेच राहिले. काकूंच्या संगणकाचा वेग बदलला नव्हता. विंडोज ७च्या जागी १० आल्यावर आणि वर्षानुवर्षांच्या अपडेटनंतर त्याच तबकडीला वाहायचं ओझं वाढलं होतं.

एक्सपीचंच एक दुखणं इथे सांगतो, कारण छोट्या छापखान्यांत, एखाद्या यंत्राला जोडलेल्या कोपऱ्यातल्या पीसीवर एक्सपी अजून दिसतं. डिस्कशी बोलताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी वेगवान डीएमए पद्धत सोडून पीआयओ नावाच्या जुन्या, संथ पद्धतीवर उतरतं आणि आपण होऊन वर चढत नाही. खराब केबलमुळे झालेल्या सहा चुका, आणि पुढची कित्येक वर्षं संगणक कासवगतीने. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनल काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला की तो परत डीएमएवर येतो. केबल बदलायची राहिली तर पुन्हा उतरतो.

बुधवार पेठेतल्या गृहस्थांनी या टप्प्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. त्यातल्या पाच क्रमांकाच्या ओळीत निकामी झाल्यामुळे बदली दिलेल्या जागा मोजलेल्या असतात. १९७ मध्ये वाचता न आल्यामुळे अधांतरी ठेवलेल्या जागा. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. काकूंच्या डिस्कवर १९७ची ओळ शून्य नव्हती. अशी एखादी जागा वाटेत आली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून बघते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि तोवर पडद्यावरचे ठिपके गोल गोल फिरत राहतात.

गृहस्थांनी लगेच संगणक बंद केला. ‘आधी डेटा. बाकी सगळं नंतर,’ एवढंच म्हणाले.

हे वाक्य प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात पाटीवर लिहून लावावं, असं मला मनापासून वाटतं. हळू झालेली डिस्क पुष्कळदा मरणपंथाला लागलेली असते, आणि फॉरमॅट, डीफ्रॅगमेंट, तासन्‌तासांची एरर चेकिंग हे सगळे उपाय तिला आणखी राबवतात. फॉरमॅटमुळे ती बरी होत नाही. नवं विंडोज त्याच खराब पृष्ठभागावर बसतं, आठ दिवस पळतं आणि पुन्हा अडखळतं. मधल्या मध्ये जुन्या फाइली गेलेल्या असतात. डिस्क संशयित असेल तर तिच्यावरून आधी प्रत काढायची. फार बिघडलेली असेल तर लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतात. तो वाचता येणारा भाग आधी उचलून सुरक्षित ठेवतो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो.

काकूंच्या डिस्कची प्रत पूर्ण निघाली आणि ती सरळ नव्या एसएसडीवर उतरवली गेली. विंडोज, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर, डेस्कटॉपवरचा गणपतीचा फोटोसुद्धा, सगळं होतं तसं. अशी हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढणं हा फॉरमॅटपेक्षा जास्त वेळखाऊ मार्ग आहे आणि म्हणूनच दुकानदार तो आपण होऊन सुचवत नाहीत. आपण मागायला हवा.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. विखुरलेला तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. मघाचाच गुणाकार पुन्हा केला तर अठ्ठ्याहत्तर सेकंदांचं काम एका सेकंदाच्या आत येतं. प्रत्यक्षात इतर कामं असतात, म्हणून एवढा फरक पडत नाही, पण दीड मिनिटाचा टप्पा वीसेक सेकंदांवर आला हे मी बघितलं. दुकानात कोणी म्हणेल, एच६१ बोर्डावर एसएसडीचा उपयोग नाही, त्याची साटा जोडणी जुनी आहे. जोडणी जुनी आहे हे बरोबर: या चिपसेटला सेकंदाला ३ गिगाबिटांचीच वाट आहे, त्यामुळे पाचशे एमबी देऊ शकणारी एसएसडी तिथे निम्म्याच वेगाने चालते. पण सुरू होताना गरज असते ती लांब फाइलीच्या वेगाची नाही, विखुरलेल्या तुकड्यांपाशी चटकन पोचण्याची. तो लाभ जुन्या बोर्डावरही जवळजवळ पुरा मिळतो. खर्चही नव्या संगणकापेक्षा पुष्कळच कमी.

आता तिसरा टप्पा, पासवर्ड टाकल्यानंतरचा. इथे दोष यंत्राचा नसतो, आपण वर्षानुवर्षं घरात घेतलेल्या पाहुण्यांचा असतो. प्रिंटरचा मदतनीस, केव्हाच विकून टाकलेल्या मोबाइलशी फोटो जुळवणारा प्रोग्रॅम, तीन वेगवेगळे अपडेटर, मुदत संपून संरक्षण देणं थांबवलेला पण सुरू व्हायचं न थांबवलेला अँटिव्हायरस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ८पासून त्यात स्टार्टअपचा वेगळा कप्पा आहे. प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचा भार लिहिलेला असतो. ‘हाय’ म्हणजे त्याने सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त उलाढाल केली. उजवं बटण दाबून ‘डिसेबल’ केलं तर प्रोग्रॅम नाहीसा होत नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो, आणि चुकलं तर परत चालू करता येतो. म्हणून इथे भीती बाळगायचं कारण नाही. वापरातला अँटिव्हायरस, साउंडचा आणि डोंगलचा प्रोग्रॅम तेवढे सोडावेत. विंडोज ७वर हेच काम एमएसकॉन्फिगमधून होतं. त्याच एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या आणि कमाल मेमरी भरायची एक खिडकी आहे. तिथे मोठे आकडे टाकले की वेग वाढतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. ती खिडकी मर्यादा घालण्यासाठी आहे, विंडोज एरवी जे आहे ते सगळं वापरतंच. तिला हात लावू नये. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांनाही नाही. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यांच्या वापराला पाठिंबा देत नाही.

काकूंच्या बाबतीत या टप्प्यात एक खास मराठी कारण निघालं. यंत्रात फॉन्ट हजारोंनी होते. प्रत्येक प्रकाशकाचा, प्रत्येक अंकाचा, प्रत्येक पत्रिकेचा वेगळा हट्ट, आणि आलेला फॉन्ट काढायचा नाही हा डीटीपीवाल्यांचा शिरस्ता. विंडोजला त्या सगळ्यांची नोंद सांभाळावी लागते, पुढे पेजमेकर आणि कोरलड्रॉ उघडतानाही तीच यादी चाळली जाते. काकूंनी दोन संध्याकाळी बसून रोजचे फॉन्ट वेगळे केले आणि बाकीचे एका फोल्डरमध्ये प्रकाशकांच्या नावाने लावून ठेवले. काम आलं की तेवढेच बसवायचे, संपलं की काढायचे. चार मिनिटांतला मोठा तुकडा इथे गळाला, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

रॅमबद्दल दुकानात सगळ्यात आधी बोललं जातं, म्हणून मी ती मुद्दाम मागे ठेवली. ४ जीबी रॅममध्ये विंडोज १० स्वतःच निम्म्याच्या आसपास जागा घेतं, काही हिस्सा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जातो, आणि ब्राउझर उघडला की उरलेलं डिस्कवर ठेवणं-काढणं सुरू होतं. रॅम ८ जीबी केल्याने काम करताना नक्की बरं वाटतं. मात्र आधी विंडोज ३२ बिटांचं आहे की ६४ बिटांचं ते बघावं. त्या काळात असेंबल केलेल्या बऱ्याच यंत्रांवर ३२ बिटांचं विंडोज टाकलेलं आहे, ते ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाही. तिथे घातलेले पैसे वाया जातात.

प्रोसेसर म्हातारा होत नाही असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे, तो उष्णतेचा. पंख्यात धूळ दाटली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकली, की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतः उतरवतो. हे बायोसमधल्या तापमानाच्या आकड्यावरून कळतं. वर्षातून एकदा, शक्यतो पाऊस संपल्यावर, प्लग काढून ब्लोअर मारून घ्यावा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरावं, नाहीतर तो उलटसुलट भरधाव फिरून बिघडतो. कोकणात आणि गोव्यात दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो आणि संगणक सुरूच होत नाही, नुसता बीप-बीप करतो. तिथले कारागीर त्या पट्ट्या खोडरबराने घासतात. उपाय साधा आहे आणि खरोखर चालतो.

बंद करण्याच्या पद्धतीतही एक मेख आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही. आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल सलग वाचून उठवले जातात. तबकडीला सलग वाचन मानवतं, म्हणून ही युक्ती चांगली आहे. तिचा परिणाम असा की रोज नेमाने संगणक बंद करणाऱ्या माणसाच्या यंत्राचा गाभा महिनोन्‌महिने नव्याने सुरू झालेलाच नसतो, आणि एखादा अडखळलेला ड्रायव्हर रोज तसाच उठतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं मुळापासून सुरू करतं. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं, आणि वेळ मोजायची असेल तेव्हा दोन्ही प्रकारांनी मोजावी.

या मोजण्याला परंपरा आहे. पहिला मॅकिंटॉश १९८४च्या जानेवारीत बाजारात आला. त्याआधी तो घडत असताना स्टीव्ह जॉब्स लॅरी केन्यन या अभियंत्याकडे गेला आणि सुरू व्हायचा वेळ दहा सेकंदांनी कमी कर म्हणाला. त्याचा हिशेब असा होता: पन्नास लाख लोक रोज एकदा हे यंत्र सुरू करणार, म्हणजे दिवसाला पाच कोटी सेकंद. वर्षाचं गणित मांडून बघितलं, तर ती पावणेसहाशे वर्षांहून जास्त होतात, कित्येक माणसांची पुरी आयुष्यं. केन्यनने दहाहून जास्त सेकंद कमी केले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००८ साली, इंटेलमधल्या आर्यन व्हॅन डे व्हेन आणि औके कोक यांनी असूसच्या ईईई पीसी या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखवलं. त्यांनी आधीच वाटणी करून टाकली होती: गाभ्याला एक सेकंद, सुरुवातीच्या सेवांना एक, पडद्याच्या व्यवस्थेला एक, डेस्कटॉपला दोन. ज्याचा वाटा ओलांडला जाईल त्याने जाब द्यायचा. आज लिनक्स वापरणाऱ्याला ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम’ एवढी आज्ञा दिली की कोणी किती वेळ खाल्ला याची यादी उतरत्या क्रमाने समोर येते. विंडोजमध्ये तीच माहिती इव्हेंट व्ह्यूअरच्या पोटात दडलेली आहे, हे मला पटत नाही. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याला त्याचा जमाखर्च सहज दिसायला हवा.

काही यंत्रं मात्र सोडून द्यावीत. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याशी फुगलेले असतील, एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, जळका वास येत असेल, तर फाइली काढून घ्याव्यात आणि यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्यावं. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट २०२६च्या ऑक्टोबरपर्यंत मिळतात. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढे चालतं, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे काकूंचं यंत्र कितीही चपळ झालं तरी तिथे पोचत नाही. ज्याचं काम ब्राउझर, पत्रं आणि युनिकोडमधलं मराठी टायपिंग एवढंच आहे, त्याने अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली जरूर बसवून बघावी. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात तयार असतो, आणि पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात लावावा लागत नाही. काकूंना तो मार्ग नाही, त्यांचं डोंगलवालं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही.

त्यांनी इंटरनेटची वायर काढून टाकली. पानं त्या जुन्या यंत्रावर लावायची, पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि भाचीच्या लॅपटॉपवरून प्रकाशकाला पाठवायचं, अशी व्यवस्था बसली आहे. नेट नाही, म्हणून अपडेटरही गेले. आता बटण दाबल्यापासून पेजमेकर उघडेपर्यंत मिनिटभर लागतं. जुन्या हार्ड डिस्कवर तारीख घालून ती गृहस्थांनी परत दिली, आणि एक दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून नातेवाइकांकडे ठेवायला सांगितली. श्री-लिपीतली जुनी पानं थोडी थोडी करून युनिकोडमध्ये नेण्याचं काम काकूंनी दिवाळीनंतर हातात घ्यायचं ठरवलं आहे. सुरुवात सासऱ्यांच्या आठवणींच्या वहीपासून करणार आहेत.